मोटारीचा उजाळा : घरगुती पॉलिश-यंत्राची निवड



भंडारा जिल्ह्यांतील मनुष्यानें उजाळ्याविषयीं बोलावें यांत नवल कांहींच नाहीं. भंडारा शहराचें नांव दूरवर गेलें तें पितळी भांड्यांमुळें. स्टेनलेस स्टीलनें घरोघरच्या मांडणीवरून पितळेला खालीं उतरविलें आणि कारागीरहि रोडावले; तरी घागर म्हटली कीं भंडाऱ्याची, ही आठवण जुन्या माणसांच्या मनांतून अजून गेलेली नाहीं. आज मात्र मला बोलावयाचें आहे तें घागरीविषयीं नव्हे, तर मोटारगाडीच्या रंगाला घरच्या घरीं उजाळा देण्याच्या यंत्राविषयीं. मी मॅट्रिकच्या पुढें शिकलेला नाहीं. लाखनी तालुक्यांतील शाळांत मीं उभा जन्म मुलांना गणित आणि विज्ञान शिकविलें. मोटारीच्या धंद्याशीं माझा संबंध एवढाच, कीं एक गाडी माझ्या हातून बिघडली. ज्याच्या हातून वस्तु बिघडली त्याला तिच्याविषयीं बोलण्याचा थोडाफार अधिकार येतो, असें मी समजतों.

ती गाडी माझी नव्हती. माझे थोरले बंधु तुमसरला राहत असत, त्यांची ती गर्द निळी गाडी. ते वारल्यावर ती वर्षभर अंगणांतल्या पत्र्याच्या छपरीखालीं उभी होती. वहिनींना ती विकावयाची नव्हती. नातीच्या लग्नांत ती दारापुढें चांगल्या रूपांत उभी असावी, एवढीच त्यांची इच्छा. एके दिवशीं त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, परक्याच्या हातीं देण्यापेक्षां तुम्हीच तिला जरा उजळून द्या."

गाडीचें रूप गेलें होतें हें खरें. गर्द रंगाच्या गाडीवर ऊन तिरपें पडलें म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतात, तशा त्या गाडीवर सर्वांगीं दिसत. या रेघा येतात कोठून? गाडी चालविल्यानें त्या फारशा येत नाहींत, पुसल्यानें येतात. आमच्याकडे रोज सकाळीं कोरडें फडकें घेऊन गाडी झटकण्याची रीत आहे. वाहनांची वर्दळ आणि रेतीचे ट्रक यांमुळें आमच्या भागांतल्या धुळींत रेतीचा अंश पुष्कळ. रेती म्हणजे बहुतांशीं गारगोटीचे कण, आणि गारगोटी काचेलाहि ओरखडा काढते. मग रंगाची काय कथा! स्वच्छतेच्या हौसेनें आपण रोज गाडीवर वाळूचा कागद फिरवीत असतों. शेजारचा एक मुलगा बंधूंच्या मागें मोठ्या मायेनें ती गाडी रोज पुसत असे. त्याला बोल लावण्यांत अर्थ नव्हता.

मीं एका ठिकाणाहून भाड्यानें पॉलिशचें यंत्र आणलें. जड, लांबट, पुढें लोंकरीची चकती बसविलेलें. दुकानदारानें तें कसें धरावें हें दाखविलें नाहीं, मींहि विचारलें नाहीं. मास्तराला विचारण्याची लाज वाटते. पहिलीं दहा मिनिटें काम सुरेख चाललें. मग बोनेटच्या पुढच्या कडेवर यंत्र किंचित् तिरपें झालें आणि पांच-सात सेकंद तेथेंच राहिलें. उचलून पाहतों तों निळा रंग जाऊन खालची राखाडी जमीन वर आलेली, रुपयाएवढा डाग. वहिनी ओसरीवरून पाहत होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. थोड्या वेळानें एवढेंच म्हणाल्या, "चहा ठेवला आहे, आंत या." रागें भरल्या असत्या तर मला बरें वाटलें असतें.

आतां हें झालें कसें, तें समजल्याशिवाय यंत्राची निवड करतां येणार नाहीं. म्हणून प्रथम रंगाकडे वळूं. आजच्या गाडीवर पत्र्यापासून वर मोजीत गेलें तर गंज न लागूं देणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक असा क्लिअर कोट. हे सारे थर मिळून जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. छपाईचा साधा कागद सुमारें १०० मायक्रॉन जाड असतो. त्या हिशेबानें गाडीचा सगळा रंग म्हणजे एक-दीड कागद, आणि ज्याला आपण उजाळा देतों तो क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनांचा, म्हणजे अवघा अर्धा कागद! पत्र्याच्या कडांवर तो याहून पातळ असतो, कारण ओला रंग सुकतांना कडेवरून मागें सरतो. मीं जळविली ती कडच होती.

जुन्या गाड्यांची गोष्ट निराळी. उत्तरपाड्याच्या कारखान्यांतून २०१४ पर्यंत निघालेली ॲम्बॅसडर आपणांपैकीं अनेकांनीं पाहिली असेल. तशा जुन्या गाड्यांवर बहुधा रंगाचाच एक जाड थर असे; पॉलिश करतांना फडक्याला रंग लागे आणि कोणाला त्याचें कांहीं वाटत नसे. आपल्या गाडीवर कोणता प्रकार आहे हें पाहावयाचें असल्यास पांढऱ्या फडक्यावर थोडें पॉलिश घेऊन एखाद्या आडबाजूच्या जागीं हातानें घांसावें. फडकें गाडीच्या रंगाचें झालें तर जुना प्रकार, तसें झालें नाहीं तर वर क्लिअर कोट आहे असें समजावें.

ओरखडा पॉलिशनें भरून निघतो, ही एक सार्वत्रिक समजूत आहे आणि ती चुकीची आहे. आमच्याकडे धानाच्या बांधींत खड्डा पडला तर शेतकरी दुसरीकडची माती आणून तो भरतो. येथें उलट आहे. सबंध बांधीच खड्ड्याच्या तळापर्यंत खालीं घ्यावी लागते. पॉलिश म्हणजे घांसून काढून टाकणें. एका चांगल्या उजाळ्यांत एक-दोन ते चार-पांच मायक्रॉन जातात. उन्हापासून रंगाचें रक्षण करण्याचें काम क्लिअर कोटच करतो, म्हणून असा खर्च आयुष्यांत फार वेळां परवडणारा नाहीं. भांड्याची कल्हई गेली तर कल्हईवाला पुन्हा करून देतो. क्लिअर कोट गेला तर सबंध भाग नव्यानें रंगवावा लागतो.

माझ्या फजितीनंतर मी भंडाऱ्यास एका वृद्ध भांडें-कारागिराकडे गेलों. जन्मभर त्यानें बफच्या चाकावर पितळ उजळलें. बफचें चाक म्हणजे कापडाच्या गोल चकत्या एकावर एक शिवून केलेलें चाक. विजेवर फिरतें, त्याला मसाल्याची कांडी लावतात आणि भांडें त्यावर टेकवितात. मीं सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, "गुरुजी, आमचें चाक जागेवर असतें आणि भांडें हातांत. भांडें तापलें कीं बोटाला आधीं कळतें. तुमच्या कामांत चाक हातांत आणि गाडी जागेवर. तापलें हें तुम्हांला सांगणार कोण?" इतकी नेमकी गोष्ट मला दुसऱ्या कोणी सांगितली नव्हती. त्या रात्रीं घरीं आल्यावर मीं वही-पेन्सिल घेऊन गणित मांडलें. तें आपणांसहि सांगतों. चौथ्या-पांचव्या इयत्तेचेंच आहे.

मीं आणलेलें यंत्र रोटरी जातीचें. त्यांत चकती एकाच आंसाभोंवतीं गरगर फिरते, मिनिटाला साधारणपणें ६०० पासून ३००० फेऱ्यांपर्यंत. सात इंची चकतीचा परिघ सुमारें ५६ सेंटिमीटर. २००० फेऱ्या धरल्या तर कडेवरचा बिंदु एका मिनिटांत ११२० मीटर धांवला. म्हणजे ताशीं ६७ किलोमीटर. आपण आपल्या अर्ध्या कागदावर त्या वेगानें लोंकर घांसतों, आणि तीहि एकाच दिशेनें. उष्णता येणारच. कित्येक लोक याहून भयंकर प्रकार करतात : लोखंड कापण्याच्या ग्राइंडरलाच पॉलिशची चकती बसवितात. तो मिनिटाला ११,००० फेऱ्या घेतो; पांच इंची चकती असली तरी कडेचा वेग ताशीं २५० किलोमीटरच्या वर जातो. वेग कमी करण्याची सोय नसलेला ग्राइंडर गाडीच्या जवळहि नेऊं नये.

दुसरी जात ड्युअल ॲक्शनची. दुकानांत तिला नुसतें "डीए" म्हणतात. हिच्यांत चकती आंसाच्या नेमकी मध्यावर बसविलेली नसते, थोडी सरकवून बसविलेली असते. त्यामुळें सगळी चकती लहानशा वर्तुळांत थरथरते आणि त्याच वेळीं बेअरिंगवर मोकळी, आपल्या गतीनें फिरतहि राहते. दळतांना जात्याचा खुंटा धरून हात जसा वर्तुळांत जातो तशी सबंध चकती जाते, मात्र मिनिटाला हजारों वेळां. या वर्तुळाच्या व्यासाला "थ्रो" म्हणतात. ८ मिलिमीटर थ्रो असेल तर एका फेऱ्यांत बिंदु सुमारें २५ मिलिमीटर चालतो. मिनिटाला ५००० फेरे धरले तर १२५ मीटर. कोठें ११२० आणि कोठें १२५! चकतीच्या स्वतःच्या फिरण्याची थोडी भर पडते, पण अंतर ध्यानांत यावें. शिवाय कडेवर दाब पडला, यंत्र तिरपें झालें, कीं या जातीची चकती फिरावयाची थांबते आणि नुसती थरथरत राहते. कसलेल्या कारागिराला हा दोष वाटतो. मला तो या यंत्राचा सर्वांत मोठा गुण वाटतो. चुकणाऱ्या हातापाशीं थांबणारें यंत्र मला हवें होतें.

रोटरी वाईट, असा याचा अर्थ नव्हे. खोल ओरखडे, रंगारी पाणकागदानें घांसतो त्याच्या खुणा, या गोष्टी तें फार लवकर काढतें. पण त्याच्यामागें बहुधा धुरकट गोल छटा राहतात, आणि त्या काढावयास पुन्हा दुसरें यंत्र लागतेंच. ज्याच्या हातून वर्षाकांठीं शंभर गाड्या जातात त्यानें तें खुशाल घ्यावें. ज्याची एकच गाडी आहे त्यानें डीए घ्यावें. दुकानदार कांहींहि सांगो, माझें मत हेंच. तिसरी एक जात आहे, दांतेरी चक्रांनीं चकतीला सक्तीनें फिरविणारी. ती थांबत नाहीं आणि थरथरतेहि. काम जलद, पण उष्णताहि अधिक. नवशिक्यानें तिच्या वाटेस जाऊं नये.

आतां डीएमध्येंहि थ्रो कोणता? ८, १२, १५ आणि २१ मिलिमीटरची यंत्रें मिळतात. २१ मिलिमीटरचें सपाट आणि लांबरुंद पत्र्यावर झपाट्यानें काम करतें. परंतु आपल्याकडच्या बहुतेक गाड्या लहान, त्यांच्या अंगावर वळणें फार, आणि वळणावर मोठ्या थ्रोची चकती अडून बसते. लहान गाडीला ८ ते १५ मिलिमीटरच्या दरम्यानचें आणि पांच इंची बॅकिंग प्लेटचें यंत्र पुरतें. बॅकिंग प्लेट म्हणजे ज्या तबकडीवर पॅड चिकटतें ती. ती बदलतां येते कीं नाहीं हें विचारून घ्यावें, कारण झिजणारी वस्तु तीच. तीन इंची प्लेटहि त्याच यंत्राला बसत असेल, तर आरशाभोंवतींच्या आणि खांबांवरच्या चिंचोळ्या जागांची सोय होते. मात्र लहान प्लेट बसविल्यावर यंत्राचा तोल बिघडून हात फार थरथरतो, तेव्हां विकत घेण्यापूर्वीं चालवून पाहावें.

यंत्र दुकानांत हातीं घ्यावें आणि दोन मिनिटें छातीसमोर धरून उभें राहावें. अडीच किलो वजन दुकानांत कांहींच वाटत नाहीं. दार उभें घांसतांना तेंच घागरीएवढें होतें. कळ दाबतांच एकदम उसळी न घेतां हळूहळू वेग घेणारें यंत्र बरें. वेगाची चकली असावी. दाब पडला तरी वेग टिकवून धरणारें असेल तर उत्तम, विशेषतः आम्हां खेड्यांतल्या लोकांना. ज्या वेळीं सगळ्यांच्या घरीं पंखे आणि मोटारपंप सुरू असतात, त्या वेळीं आमच्याकडे विजेचा दाब उतरतो आणि यंत्र रडूं लागतें. वॅटचा आंकडा पाहून भुलूं नये. ७००-८०० वॅटांचें चांगलें यंत्र घरच्या कामाला रग्गड होतें. कार्बन ब्रश नागपूरला तरी मिळतील अशाच कंपनीचें यंत्र घ्यावें, कारण ते झिजले म्हणजे दोन लहानशा तुकड्यांसाठीं सबंध यंत्र अडून राहतें. बॅटरीवरचीं यंत्रें सोयीचीं खरीं, पण एका बॅटरींत सबंध गाडी क्वचितच होते. दुसरी बॅटरी घ्यावी लागते आणि किंमत फार वाढते.

पैशाविषयीं एक गोष्ट स्पष्ट सांगतों. सगळी रक्कम यंत्रांत घालूं नका. यंत्र फक्त फिरवितें, रंगाला स्पर्श करतें तें पॅड. एका गाडीला फोमचीं निदान पांच-सहा पॅडें लागतात, कारण दोन-तीन भाग झाले कीं पॅड मसाल्यानें आणि निघालेल्या रंगानें तुंबतें. फोमचीं पॅडें कठीण, मध्यम आणि मऊ अशीं असतात. लोंकर आणि मायक्रोफायबर यांचीं पॅडें अधिक कापतात. आरंभ नेहमीं मऊ पॅडानें आणि सौम्य पॉलिशनें करावा; त्यानें रेघा गेल्या तर कठीण पॅडाला हात लावावयाचेंच कारण नाहीं. बहुतेक लोक उलट करतात. यांखेरीज मऊ फडकीं डझनभर, रबरी कडा झांकावयास कागदी चिकटपट्टी, डोळ्यांना चष्मा आणि नाकाला फडकें, हें सगळें त्याच रकमेंत बसवावें.

घरीं यंत्र आल्यावर पहिली गोष्ट : बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करनें एक जाड काळी रेघ ओढावी. चकती फिरते आहे कीं नुसती थरथरते आहे, हें त्या रेघेवरून चालू कामांत दिसतें. दमडीचा खर्च नाहीं, पण ही युक्ति मला दुसऱ्या दिवशीं सुचली आणि पहिला सबंध दिवस फुकट गेला.

कामाच्या पूर्वीं गाडी भरपूर पाण्यानें धुवावी, आणि रंगाला चिकटून बसलेले बारीक कण क्ले नांवाच्या चिकणमातीसारख्या गोळ्यानें, पाण्याचा ओलावा ठेवून, उचलून घ्यावे. कोरड्या धुळीवर यंत्र लावणें म्हणजे माझ्याहून मोठा अपराध. उन्हांत काम करूं नये. वैशाखांत आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या वेळीं बोनेटवर हात ठेवतां येत नाहीं, आणि मसाला लावतांच वाळतो. पहाटेची वेळ आणि छपरी, हेंच खरें. ओल्या जमिनीवर उभें राहून विजेचें यंत्र धरूं नये. ज्या बटणावरून वीज घेतली तेथें गळतीवर तुटणारा आरसीसीबी असावा. जोडतार जाड असावी आणि खांद्यावरून मागें सोडावी, म्हणजे ती गाडीवर घांसत नाहीं.

पॅडावर वाटाण्याएवढे चार थेंब. यंत्र बंद असतांनाच पॅड पत्र्यावर टेकवावें, मग सर्वांत कमी वेगानें मसाला पसरावा, आणि नंतर वेग चार-पांचाच्या आंकड्यावर आणून दीड-दोन फुटांच्या चौकोनांत आडवें आणि उभें फिरवावें. हात इतका सावकाश, कीं सेकंदाला एखादा इंच. चार-सहा वेळां फिरलें कीं थांबावें, पुसावें, विजेरीचा प्रकाश तिरपा टाकून पाहावें. मधून मधून तळहात पत्र्याला लावावा. कारागिराचें बोट आपल्याजवळ नाहीं, तळहात तरी आहे. प्लास्टिकच्या बंपरवर दुप्पट जपावें, तें उष्णता पसरूं देत नाहीं आणि रंग लवकर जळतो. कडांवर आधींच चिकटपट्टी लावावी. पॅड जमिनीवर पडलें तर तें बाजूला टाकावें. त्या दिवशीं पुन्हा वापरूं नये.

सगळेच ओरखडे काढावयाचे नसतात हेंहि सांगितलें पाहिजे. नख आडवें फिरविलें आणि तें ओरखड्यांत अडकलें, तर तो यंत्राच्या आटोक्याबाहेरचा. त्याच्यामागें लागलें कीं क्लिअर कोट संपतो. तेथें कडा थोड्या मऊ करून सोडून द्यावें.

मीं ८ मिलिमीटर थ्रोचें यंत्र विकत घेतलें आणि पुन्हा तुमसरला गेलों. या वेळीं वहिनींनीं मला परवानगी दिली हेंच नवल. पहिल्या दिवशीं एकच दार केलें. दुसऱ्या दिवशीं बोनेट, छप्पर आणि मागचें झांकण. तिसऱ्या दिवशीं चालकाच्या दाराशीं आलों. तेथें मुठीच्या खालीं बारीक रेघांचा एक पुंजका होता. बंधूंच्या बोटांत अंगठी असे, दार उघडतांना ती रोज तेथें घांसे. नख अडकत नव्हतें, दोन फेऱ्यांत गेल्या असत्या. मीं पॅड टेकविणार तोंच वहिनी म्हणाल्या, "तेवढें राहूं द्या, भाऊजी." मीं त्या जागेवर चिकटपट्टी लावली आणि भोंवतालचें काम पुरें केलें. ती जागा अजून तशीच आहे. बोनेटच्या कडेवरचा माझा डाग मात्र रंगाऱ्याकडून भरून घेतला; ऊन पडलें म्हणजे तेथला निळा किंचित् निराळा दिसतो. लग्नाच्या गर्दींत तो कोणाच्या लक्षांत आला नाहीं, किंवा आला असेल तरी कोणी बोललें नाहीं.

उजाळा दिल्यावर रंगावर मेण किंवा सीलंट यांपैकीं कशाचा तरी एक थर चढवावा लागतो, नाहीं तर घांसलेला रंग उघडा राहतो. तें काम हातानेंच करावें, यंत्र लागत नाहीं. पॅडें त्याच दिवशीं कोमट पाण्यानें आणि साबणानें धुवून सावलींत, तोंड खालीं करून वाळवावीं. मसाला आंत वाळला कीं तें पॅड पुढच्या वेळीं काचकागद होतें. आणि कोरडें फडकें घरांतून काढून टाकावें. गाडीवर धूळ बसली तर बसूं द्यावी. धुवावयाची त्या दिवशीं दोन बादल्या घ्याव्या, एक साबणाची आणि एक फडकें खळबळावयाची. शेजारच्या त्या मुलाला मीं हेंच शिकविलें आहे, आणि आतां तो आठवड्यांतून एकदांच गाडी धुतो.

यंत्र सध्यां आमच्या आळींत फिरत असतें. जो मागावयास येतो त्याला मी देतों. मात्र पहिल्या दिवशीं यंत्राबरोबर मीहि जातों, आणि बोनेटच्या कडांवर चिकटपट्टी मी स्वतः लावतों.